डग्गा कुठे गेला?

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण कॅसेट. आजोबांच्या ट्रंकेत अकरा कॅसेट निघाल्या आणि त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेत होतो. हे काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. तुमच्याकडे कितीही कोअरचा प्रोसेसर असो. (फीत गुंतली तर पेन्सिल घेऊन वीस मिनिटं वेगळी.)

आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते, पण महालात त्यांना सगळे ओळखायचे ते तबल्यामुळे. गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या तरी माडीवर गाणं असलं की साथीला आजोबा. मोठे कलाकार वगैरे नव्हे, हौशी, पण हात गोड. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. आजी ब्याऐंशीची. ती शिकलेली नाही गाणं, पण पन्नास वर्षं पोळ्या लाटताना शेजारच्या खोलीतला रियाज ऐकल्यावर ताल अंगात भिनतोच. कुठलंही गाणं लागलं की तिचा हात मांडीवर ताल धरतो, टाळीला टाळी आणि खालीला हात पालथा.

तर पहिली कॅसेट उतरवून झाली आणि मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसलो. तेरा इंची, हलका, फोल्डरएवढा जाड. आवाज पूर्ण वाढवला. कॅसेट मधूनच सुरू होते, गायकाच्या ताना चालू आहेत, खाली मध्यलय तीनताल. आजीने थोडं ऐकलं, मग हात धरला. आठदहा आवर्तनं गेली. मग गायक मुखडा घेऊन समेवर आला, आणि नेमका त्या क्षणी आजीचा हात पालथा होता. म्हणजे ती अख्खं अर्धं आवर्तन चुकलेली. तिने परत धरला, ताना सुरू झाल्यावर परत हरवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "माझंच चुकून राह्यलं रे. बंद कर."

आईने माझ्याकडे पाहिलं. गेले काही महिने घरात आजीच्या विसरण्याबद्दल हळू आवाजात बोलणं चाललं होतं. गॅस, चष्मा, शेजारणीचं नाव. आता तालही. त्या रात्री मला काही झोप लागली नाही.

झोप न लागलेला इंजिनियर जे करतो तेच मी केलं. लॉग तपासायला बसलो. हेडफोन लावून तीच फाईल ऐकली आणि उडालोच. हेडफोनमधे आजोबा पूर्ण होते. लॅपटॉपमधून अर्धेच येत होते. डग्गा नव्हताच!

आता ज्यांना तबल्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं नमनाचं तेल. तबल्याची जोडी असते. उजव्या हाताचा लाकडी तबला, तो सुराला लावलेला, टणटणीत. डाव्या हाताचा धातूचा डग्गा, घुमणारा, खर्जातला. 'ना', 'ता', 'तिं' हे एकट्या तबल्याचे बोल. 'घे' एकट्या डग्ग्याचा. दोन्ही एकदम वाजले की 'धा' आणि 'धिं'. तीनतालाचा ठेका असा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

नवव्या मात्रेला खाली, आणि दहाव्यापासून तेराव्यापर्यंत डग्गा गप्प. चौदाव्याला तो परत येतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की सम जवळ आली. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी सांगायचं तर डग्गा हा इथे एक बिट आहे. एक असला तर भरी, शून्य असला तर खाली. आता हा बिट सगळीकडे शून्य करून टाका. 'धा'चा 'ता' होतो, 'धिं'चा 'तिं' होतो. चारही विभाग सारखे दिसतात आणि पहिली कुठली, नववी कुठली हे सांगायला काही उरतच नाही. गायकाचे शब्द असले तर अंदाज लागतो, नुसत्या ताना असल्या की संपलं. आजी बरोब्बर आठ मात्रांनी चुकली होती. विसरली असती तर ती कुठेही चुकली असती. दोन-तीन मात्रांनी, पाचांनी. आठांनीच का?

दुसऱ्या दिवशी रविवार. पायथॉनमधे दहा-पंधरा ओळी लिहिल्या आणि आजोबांचा डग्गा मोजला. मोठा भाग ९० हर्ट्झच्या आसपास, थोडा १८० च्या जवळ, ३०० च्या वर जवळजवळ काही नाही. मग लॅपटॉपमधून एकेक शुद्ध स्वर वाजवत वर गेलो. १०० हर्ट्झला काही नाही. १५० ला कीबोर्डची एक कळ किणकिणली. २५० च्या पुढे कुठे आवाज म्हणण्यासारखा आवाज. (हे मोजायला कूलर बंद करावा लागला. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी कूलर बंद करणं म्हणजे घरात बंडच. बाबांनी दहा मिनिटं दिली.)

याचं कारण समजायला सोपं आहे. स्पीकर म्हणजे हवा ढकलणारा पडदा. आवाजाची वारंवारता निम्मी केली तर तेवढाच मोठा आवाज काढायला तोच पडदा चौपट लांब हलावा लागतो. ४०० हर्ट्झवरून १०० वर उतरलात तर सोळा पट. जुन्या म्युझिक सिस्टीमचा साडेसहा इंची स्पीकर घ्या, त्याचा पडदा साधारण १३० चौरस सेंटिमीटर. लॅपटॉपमधल्या स्पीकरचा चार चौरस सेंटिमीटर धरू. डग्ग्याच्या एका ठोक्याला मोठा पडदा एक मिलिमीटर हलला, तर लहान्याला तेवढ्याच आवाजासाठी बत्तीस मिलिमीटर हलायला हवं. अख्खा लॅपटॉप दोन सेंटिमीटर जाड नाही! कंपनीने कितीही मोठ्या नावाचं स्टिकर लावू दे, हे गणित स्टिकरने सुटत नाही. फार तर दोन पडदे पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे धक्के एकमेकांना खातात आणि डबा थरथरत नाही. २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमधे ॲपलने तसं केलं आणि खरंच फरक पडला. पण त्याला १६ इंची डबा लागला आणि किंमत तर विचारूच नका. छोट्या लॅपटॉपांची तऱ्हा वेगळी. २००७ मधे आलेल्या आसूसच्या ईईई पीसीत सात इंची स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना स्पीकर होते, तुमच्याकडे तोंड करून. लोक त्यावर हसायचे. पुढे स्क्रीन मोठे होत गेले, त्या पट्ट्या त्यांनी खाल्ल्या, आणि बहुतेक छोट्या लॅपटॉपांचे स्पीकर पोटाखाली गेले. आता ते टेबलाला गाणं ऐकवतात, गादीवर ठेवला तर गादीला.

"एवढासा इअरफोन मग कसा वाजवतो?" असा प्रश्न येणारच. त्याला खोली भरायची नसते, फक्त कानाच्या भोकातली चिमूटभर हवा दाबायची असते. पण आजीला कानात काही घातलेलं चालत नाही. "मले बोलायचं असते मधे मधे," म्हणते.

आता थोडी नागपुरी फुशारकी. तबल्याच्या आवाजाचं भौतिकशास्त्र ज्या माणसाने उलगडलं तो १९१० साली नागपुरात नोकरीला होता. चंद्रशेखर वेंकट रामन. तेव्हा तो सरकारी अर्थ खात्यातला विशीतला अधिकारी, रंगूनहून बदली होऊन आलेला. वर्षभरही राहिला नाही, १९११ मधे बढती मिळून कलकत्त्याला गेला. नोबेल पुढे १९३० चं, ते प्रकाशासाठी. पण त्याच्या आधी तो आवाजाचा माणूस होता. १९१७ मधे सरकारी नोकरी सोडून प्राध्यापक झाला आणि १९२० मधे शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मधे मृदंग-तबल्यावर एक छोटंसं टिपण छापलं.

त्यातला मुद्दा असा. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर त्यातून निघणारे स्वर एकमेकांशी बेसूर असतात. मूळ स्वर १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे आडनिडे. म्हणून ढोलाला, ताशाला 'सूर' नसतो, नुसता दणका असतो. आपल्या लोकांनी मधे काळी शाई चढवली, लोहकीस आणि खळीचा थरावर थर, आणि ते आडनिडे आकडे जवळजवळ १, २, ३, ४, ५ वर आणून बसवले. कोणी, कधी, किती पुड्या फुकट घालवून हे जमवलं देव जाणे. रामनने दाखवलं ते इतकंच, की कारागिरांनी कानाने जे केलं ते गणिताने बरोबर आहे. या विषयावर त्याचा मोठा निबंध १९३४-३५ च्या सुमाराचा.

लॅपटॉपशी याचा संबंध आहे. उजव्या तबल्याचे हे वरचे सुरेल स्वर ३०० हर्ट्झच्या वर भरपूर असतात, म्हणून तो एवढ्याशा स्पीकरमधूनही खणखणीत येतो. तंबोऱ्याचं तर अजून गमतीशीर. पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार ६५-७० हर्ट्झची. लॅपटॉपला ती वाजवणं शक्यच नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो! कारण जवारी. घोडीच्या सपाट पाठीवर तार घासत सुटते, खाली दोऱ्याचा तुकडा सरकवलेला असतो, त्यामुळे वरच्या स्वरांचा अख्खा पिसारा फुलतो. यावरही रामनचा १९२१ चा निबंध आहे. तारेला जिथे छेडलं तिथे ज्या वरच्या स्वरांचा स्थिर बिंदू पडतो ते स्वर पुस्तकाप्रमाणे यायलाच नकोत, आणि तंबोऱ्यात ते दणक्यात येतात, हे त्याने दाखवलं. हा पिसारा कानात शिरला की मेंदू मागे हिशोब करतो, २००, ३००, ४०० आले म्हणजे मूळ १०० असणार. आणि ते १०० आपल्याला 'ऐकवतो'. टेलिफोनची तार परवापरवापर्यंत फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहायची, बाबांचा आवाज शंभर-सव्वाशेचा, तरी फोनवर बाबा बाबांसारखेच वाटायचे ते यामुळे.

म्हणजे मिरजेच्या कारागिराने लावलेली जवारी लॅपटॉपच्या स्पीकरला पुरून उरते. डग्ग्याकडे तसा पिसाराच नाही. मेंदूने हिशोब करायचा तर कशावरून?

मला वाटलं होतं हा आजच्या बारीक यंत्रांचा रोग. वाचत गेलो तसं कळलं, हा जुनाच आहे. १९०२ मधे ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि हिंदुस्थानातलं ध्वनिमुद्रण सुरू झालं. १९०८ पासून तबकड्या इथेच कलकत्त्यात छापल्या जाऊ लागल्या. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्याच आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाचा पाडणार. या कर्ण्यातून साधारण दोन-अडीचशे ते दोन-अडीच हजार हर्ट्झ एवढंच आत जायचं. युरोपात डबल बासचं काम ट्यूबाकडून करून घेत. आपल्याकडे तबलजीला मागे बसवत आणि तबकडीवर यायची ती बहुतेक चाटेवरची टिकटिक. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या तबकड्या आणि त्यांनीच १९३० च्या दशकात ओडियनसाठी केलेल्या तबकड्या एकामागोमाग ऐका. माणूस तोच, वीस-तीस वर्षांनी मोठा झालेला. पण दुसऱ्यांमधे खोली आहे, बैठक आहे, खाली जमीन आहे.

मधे घडलं ते १९२५ साली. एकाच वर्षात दोन गोष्टी. अमेरिकेत विजेवरचं ध्वनिमुद्रण बाजारात आलं, आणि राइस व केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनियरांनी कॉइल-मॅग्नेट-पडद्याचा तो स्पीकर जगापुढे मांडला ज्याचा नातू आज तुमच्या लॅपटॉपात बसलाय. त्यामुळे खर्ज पहिल्यांदा तबकडीत शिरला आणि पहिल्यांदा बाहेरही पडला. अहमदजान थिरकवांचं नशीब असं की ते गंधर्व नाटक मंडळीत वाजवत होते तो काळ आणि हा बदल पाठोपाठ आले. त्यांच्या जुन्या तबकड्यांत डाव्या हाताचं काम ऐकू येतं. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या किती तबलियांचा डावा हात कर्ण्याच्या बाहेरच राहिला, आणि आपण त्यांच्याबद्दल काय मत करून बसलोय, असा विचार मनात येतो.

माझ्या मते छोट्या लॅपटॉपच्या स्पीकरने खर्जापुरतं आपल्याला १९२५ च्या अलीकडून पलीकडे नेऊन ठेवलंय. वरचे स्वर त्याच्याकडे कर्ण्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत, स्वच्छ आहेत. खाली मात्र तोच कर्णा.

आणि हे मधेही एकदा होऊन गेलंय. नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ ला सुरू झाली. आजी सांगते, त्यांच्या घरी लाकडी खोक्याचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावल्यावर मिनिटभराने डोळा उघडायचा, दोन माणसांनी उचलायचा. मीडियम वेव्हचं प्रसारण वरच्या बाजूला साडेचार-पाच हजार हर्ट्झला कापलेलं, पण मोठं खोकं, मोठा स्पीकर, त्यामुळे डग्गा यायचा. मग साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला. अडीच-तीन इंची स्पीकर, प्लास्टिकचा डबा, खांद्याला पट्टा. सगळे खूश. आजोबा एकटे नाराज. "तुझे आजोबा म्हणत, या डबीत डग्गा ठेवायला जागा नाई," आजी म्हणाली. पुढे टू-इन-वन आले, खोकं परत मोठं झालं, डग्गा परतला. मग लॅपटॉप, मग फोन. डबा लहान झाला की सगळ्यात आधी घराबाहेर कोण जातं ते दिसतंच आहे.

मी एक जुगाडही करून पाहिला. तंबोऱ्याची युक्ती डग्ग्याला लावायची. रेकॉर्डिंगमधला २०० च्या खालचा भाग वेगळा काढायचा, त्याला मुद्दाम थोडं वाकडं करायचं म्हणजे त्यात वरचे स्वर तयार होतात, ते परत मिसळायचे, म्हणजे मेंदूला हिशोबाला काहीतरी मिळेल. ही काही माझी कल्पना नाही, नव्वदच्या दशकापासून वेव्हज कंपनीचं मॅक्सबास याच तत्त्वावर चालतं. रात्री दोनला जमलं. लॅपटॉपमधून डग्गा आला! सकाळी आजीला ऐकवलं. तिने मान हलवली, चार आवर्तनं हात बरोबर धरला. मग विचारलं, "हे कोण वाजवून राह्यलं?"

बरोबरच होतं तिचं. आजोबांची खासियत डग्ग्यावर मनगट घासून काढलेली मींड, 'घे'चा 'घेऽऽ' करत वर नेणारी. माझ्या फिल्टरने तिचं पिपाणीसारखं काहीतरी केलं होतं. ठोका होता, हात नव्हता.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. वयाबरोबर कान जातात ते वरच्या स्वरांपासून. लॅपटॉपकडे आहेत फक्त वरचे. म्हणजे लॅपटॉप जे देतो ते आजीचे कान घेत नाहीत आणि तिचे कान जे घेतात ते लॅपटॉप देत नाही. मधे उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही तिची परीक्षा घेत होतो आणि नापास करून मोकळेही झालो होतो.

शेवटी माळ्यावर चढलो. बाबांच्या जुन्या डेकचे दोन स्पीकर गाद्यांच्या मागे होते, साडेसहा इंची, जाळी फाटलेली, एकात झुरळाचं बिऱ्हाड. डेक मेलेला, म्हणून इतवारीतून एक साधा ॲम्प्लिफायर आणला, लॅपटॉपची वायर त्यात खोचली. बाबांना न विचारता कूलर बंद केला. तीच फाईल, तिथूनच, तानांच्या मधूनच.

आजीने डोळे मिटले. पहिलं आवर्तन नुसतं ऐकलं. दुसऱ्याला हात मांडीवर आला. टाळी, टाळी, मग हात पालथा, आणि डग्गा थांबला तेव्हा तो पालथाच होता. चौदाव्या मात्रेला डग्गा परत आला तसं तिच्या बोटांनी मोजायला घेतलं, आणि सम. ताना चालू राहिल्या, ती हलली नाही. मुखडा आला, टाळीवर आला. आई ओट्याशी उभी राहून बघत होती, गॅसवर दूध होतं ते उतू गेलं.

कॅसेटची बाजू संपत आली तसं आजीने एक डोळा उघडला. "लय वाढवून राह्यले पहा," म्हणाली. "गाणारा बिचारा धावून राह्यला मागे. नेहमीचंच यांचं."

अजून दहा कॅसेट आहेत.